दोन हात वळण

गुण्या म्हणजे गवंडी आणि सुतार काटकोन तपासायला लावतात तो लोखंडी कोन. ऑफिसातल्या माणसाला हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ज्याने ठेवलं त्याची नजर पक्की असली पाहिजे. हा माणूस चालायचा ताठ, टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत ठेवायचा, आणि समोर कोणीही येवो, तो काटकोनात बसत नाही हे त्याला पहिल्या मिनिटाला कळायचं. उरलेला वेळ मग तो त्या माणसाला ते जाणवून देण्यात घालवायचा.

घरांचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात तो सव्वीस वर्षं आरेखक होता. साहेब आर्किटेक्ट. कल्पना साहेबांच्या, रेषा गुण्याच्या. ऑफिसची दुमजली इमारतसुद्धा त्यानेच रेखलेली. समोरून बघावं तर सपाट, काचेची, गुळगुळीत. भिंतीबाहेर बोटभरही काही आलेलं नाही. घरातून बाहेर डोकावणारी कुठलीही गोष्ट त्याला गबाळी वाटायची. नवीन कुणी कामाला लागलं की तो त्याला रस्त्यावर उभं करून ती भिंत दाखवायचा.

सहा महिन्यांपूर्वी म्हातारे मुख्य आरेखक निवृत्त झाले आणि खिडकीजवळचं मोठं टेबल रिकामं झालं. ते आपलंच, याबद्दल गुण्याच्या मनात शंका नव्हती. साहेबांच्या मनात असावी, कारण सहा महिने त्या टेबलावर नुसती एक कुंडी होती. पुढचं घर पार पडू दे, मग ठरवू, असं साहेब म्हणाले होते. गुण्याचा जीव त्या टेबलात अडकला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की तो तिथे जाऊन उभा राहायचा. बसायचा नाही, न मिळालेल्या जागेवर बसणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

आडवा येणारा एकच, तो म्हणजे मेहुणा. साहेबांच्या बायकोचा भाऊ. तीन धंदे करून बघितल्यावर बहिणीच्या शब्दाखातर ऑफिसात चिकटलेला. सॉफ्टवेअर थोडंफार शिकला होता, गिऱ्हाइकांना साइट दाखवायला न्यायचा, आल्या-गेल्याला चहा विचारायचा, आणि ज्याच्या त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायचा. साहेबांना चारचौघांत चुकून 'भावोजी' म्हणायचा आणि जीभ चावायचा. गुण्या त्याला पाण्यात पाहत होता.

"साहेबांच्या वळचणीला आलाय," तो दिवसातून तीनदा म्हणायचा. हिशेबनीस बाईंना म्हणायचा, वॉचमनला म्हणायचा, मेहुण्याला ऐकू जाईल अशा बेताने जिन्यातही म्हणायचा. वळचण हा त्याचा लाडका शब्द होता. सरळ रेघ ओढता येत नाही, पण वळचण मात्र बरोबर शोधून काढली, हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि ते बोलून झाल्यावर तो स्वतःशीच मान हलवायचा.

तर ते 'पुढचं घर' एका दुपारी फोनवरून आलं. साहेब बाहेर, मेहुणा साइटवर, म्हणून फोन गुण्याला घ्यावा लागला. पलीकडे शिवणकाम करणारी एक बाई होती. साहेबांना ती आधी एकदा भेटली होती. छोटी जागा घेतली होती आणि त्यावर बैठं घर बांधायचं होतं. तिच्या मागे दोन-तीन शिलाई मशीन एकदम धडधडत होती. ज्या बाईला फोन करताना मशीन थांबवायचं सुचत नाही तिचं घर ते कसलं असणार, असं मनात म्हणत गुण्याने फॉर्म पुढे ओढला.

दोन खोल्या. पुढची शिवणकामाची. स्वयंपाकघर. उतरतं छप्पर. तो भराभर लिहीत गेला. मग ती म्हणाली, छपराला मागच्या बाजूला वळण हवी, भिंतभर, चांगली दोन हात तरी.

गुण्याच्या हाताने सवयीने जसंच्या तसं लिहिलं: 'मागील बाजूस वळण हवी, दोन हात.' आणि लिहिलेलं वाचून त्याला हसू फुटलं. वळण हवी! शाळेत कधी गेली होती की नाही ही बाई? ते वळण, ती वळण नव्हे. त्याने लाल पेन काढलं, 'हवी'वर पट्टीने सरळ रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात 'हवं' लिहिलं. 'दोन हात' तर त्याने खोडूनच टाकलं. वळण काय हाताने मोजतात? तिथे 'मोठं' लिहिलं. ती पुढे काहीतरी सांगत होती, माझा भाऊ असतो ना, म्हणून. लोकांच्या भावांच्या कहाण्या ऐकायला आपल्याला पगार मिळत नाही, असं गुण्याचं मत होतं. बाकीचं साहेबांशी बोला म्हणून त्याने फोन ठेवला.

रात्रीच्या जेवणाला त्याने बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. बाईचा आवाज काढून दाखवला, मशीनची धडधड तोंडाने केली. मागच्या बाजूला वळण, म्हणजे शोभा करायची तीसुद्धा जिथे कुत्रं फिरकत नाही तिथे. बायको एका दवाखान्यात फोनवर बसायची. दिवसभर लोकांची नावं आणि दुखणी लिहून घ्यायची. ती हसली नाही.

"वळण हवी असं कोण म्हणेल?" ती म्हणाली. "अडाणी माणूससुद्धा तिथे चुकत नाही हो. तुम्ही नीट ऐकलंत का? मी तर दिवसातून दहा वेळा परत विचारते."

तुझ्या दवाखान्यात सगळे बहिरे येतात, असं म्हणून त्याने भात पुढे ओढला. बायकोने विषय सोडला. वीस वर्षांच्या सवयीने तिला विषय कुठे सोडायचा ते कळत होतं.

साहेबांनी फॉर्म वाचला आणि ते खूश झाले. वक्राकार छप्पर, तेही मागच्या अंगाला, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी! बाईंना दृष्टी आहे, असं ते दोन वेळा म्हणाले. गुण्याने मान डोलावली आणि मनात म्हटलं, कपडे शिवणारी बाई आणि दृष्टी. पण हे जमवून दाखवलं तर टेबल आपलं.

जमवायचं होतं ते साहेबांनी एका प्रदर्शनातून आणलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या खोक्यावर एक हसरं कुटुंब होतं आणि 'आपलं घर आपणच रेखा' असं लिहिलेलं होतं. हे ज्याने बनवलं त्याने आयुष्यात एकच घर पाहिलं असणार, तेही लहान मुलाने काढलेलं, असं गुण्या म्हणायचा, आणि या एका बाबतीत तो फारसा चुकत नव्हता. चार भिंती ओढल्या की ते आपणहून वर छप्पर आणून ठेवायचं: सरळ कडांचं, चारी बाजूंनी भिंतीबाहेर हातभर आलेलं. कड गोल करा म्हटलं की घोडं अडायचं. त्याला गोल ही गोष्टच ठाऊक नव्हती. गोलाकार भिंत दिली की ते तिचे तुकडे पाडायचं, प्रत्येक तुकड्यावर वेगळं छप्पर, प्रत्येकाला वेगळा उतार. पहिल्या दिवशी पडद्यावर जे उमटलं ते कुणीतरी वर बसून चेपलेल्या पंख्यासारखं दिसत होतं.

गुण्याने बाह्या सरसावल्या. कडेचे आधी बारा तुकडे केले, ते कोनाकोनाचे दिसले म्हणून चोवीस, मग छत्तीस. छत्तीस तुकड्यांचा उतार एकेक करून हाताने जुळवला. एक जुळला की शेजारचा सुटायचा. छत्तिसावा बसला की सॉफ्टवेअर पहिल्याबद्दल तक्रार करायचं: ही कड ग्राह्य नाही. तूच ग्राह्य नाहीस, असं गुण्या पडद्याला म्हणायचा. हिशेबनीस बाई दचकून वर बघायच्या.

सगळ्यात छळलं ते बाहेर आलेल्या भागाने. छप्पर भिंतीच्या किती बाहेर यावं त्याचा एक रकाना असतो, ऑफिसात त्याला सगळे ओव्हरहँग म्हणायचे. सरळ कडेला तो भाग सरळ यायचा, गोल कडेला मात्र प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेने तोंड करून दातासारखा बाहेर यायचा आणि मधे फटी पडायच्या. नऊ दिवस गुण्या त्या दातांशी झुंजला. दहाव्या दिवशी त्याला साधा उपाय सुचला. छत्तीसच्या छत्तीस रकान्यांत त्याने शून्य घातलं. दात गेले, फटी गेल्या, छप्पर जिथे भिंत संपते तिथेच संपलं. वरून त्याने कडेची एक पट्टी गोलाकार फिरवून सांधे झाकले. बोटभरही काही बाहेर नाही. त्याचं मन इतकं भरून आलं की त्याने खुर्ची मागे ढकलली आणि आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं.

मेहुणा बघत होता. झकास झालंय, तो म्हणाला, आणि मग डोकं खाजवत विचारलं, पण बाईंना वळण मागेच का हवंय? एकदा फोन करून विचारू का?

"तू चहाचं बघ," गुण्या म्हणाला. मेहुणा खरंच चहाचं बघायला गेला, आणि त्यामुळे गुण्याला तो आणखीच क्षुद्र वाटला.

तीन आठवड्यांनी, एका लख्ख सकाळी, बाई घर बघायला आली. खांद्यावर ब्लाउजला दोन सुया टोचलेल्या, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. बरोबर तिचा भाऊ होता, पण तो वर आलाच नाही. खाली रस्त्याकडेला उभा राहिला. साहेबांनी त्यालाही बोलवा म्हटलं तर ती म्हणाली, नको, तो तिथेच बरा आहे. बहिणीचं घर बघायला ज्याला दोन जिने चढवत नाहीत अशा माणसाला बरोबर आणायचंच कशाला, असं गुण्याच्या मनात आलं. त्याने लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे वळवला.

घर फिरलं. पुढची खोली, स्वयंपाकघर, खिडक्या. बाई लक्ष देऊन बघत होती, मान हलवत होती. मग गुण्याने तिला घराच्या मागे नेलं आणि मुद्दाम थांबला. छपराची कड एका डौलदार वळणात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. साहेब खुर्चीच्या टोकावर आले होते. खिडकीजवळच्या टेबलावर ऊन पडलं होतं. ते गुण्याला बरोबर दिसत होतं.

"छान आहे," बाई म्हणाली. "पण वळचण कुठे आहे?"

गुण्याला आधी कळलंच नाही. तो समजुतीने हसला आणि त्याने चित्र जवळ आणलं. "ही काय. छत्तीस तुकडे आहेत यात. दिसतोय का एक तरी सांधा?"

"हे वळण झालं," बाई म्हणाली. "मी वळचण म्हटलं होतं. छपराची कड भिंतीबाहेर येते ना, जिच्याखाली माणूस बसतं, ती. दोन हात." तिने गळ्यातली टेप काढली, साहेबांच्या टेबलाच्या कडेपासून ताणून धरली आणि बोट ठेवलं. "एवढी."

एवढी कशाला, तेही तिने सांगितलं. तिचा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदा दोन मजल्यांच्या मधे अडकला, सुट्ट्या होत्या, इमारत रिकामी, दीड दिवस कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून तो चार भिंतींच्या आत राहू शकत नाही. जेवतो बाहेर, झोपतो बाहेर, मागच्या भिंतीला पाठ टेकून. आत्ताच्या भाड्याच्या घराला छपराची कड वीतभर आहे. पाऊस आला की तो गुडघ्यापासून खाली भिजतो, पण आत येत नाही.

"मला पुढच्या खोल्या कशाही चालतील," ती म्हणाली. "हे घर मी त्या मागच्या भिंतीसाठी बांधतेय."

गुण्याला चूक कळली. आणि माणूस अडचणीत सापडल्यावर जे करतो ते त्याने केलं. जरा घाईने केलं, इतकंच. फॉर्म भरणाऱ्याच्या हातून चूक झाली असेल, असं तो म्हणाला, आणि मेहुण्याकडे बघितलं. साहेबांनीही मेहुण्याकडे बघितलं. त्या ऑफिसात काही बिघडलं की सगळ्यांची नजर आपोआप तिकडेच जायची. मेहुण्याला त्याची सवय होती.

साहेबांनी फाइल उघडली आणि फॉर्म काढला. अक्षर छापल्यासारखं, एका उंचीचं. असं अक्षर ऑफिसात एकाच माणसाचं होतं. 'वळण' या शब्दापुढे 'हवी' होतं. त्यावर पट्टीने मारलेली लाल रेघ होती. वर 'हवं'. पुढे 'दोन हात' खोडलेलं.

साहेबांनी ती ओळ वाचली. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि बाईला तो वाकून वाचता आला.

"मी हवी असंच म्हटलं होतं," ती म्हणाली. "बरोबर बोलले होते मी."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे गुण्याला धरायला काही मिळेना. आपण मेलो असतो तर बरं, असं त्याला वाटलं. अगदी याच शब्दांत वाटलं. मशीनच्या धडधडीत एक अक्षर बुडालं होतं, ते कुणाच्याही कानातून निसटलं असतं. पण 'हवी' शिल्लक होती. 'दोन हात' शिल्लक होते. काहीतरी चुकतंय म्हणून दोघांनी सांगून पाहिलं होतं, बायकोने सांगितलं होतं, मेहुण्याने विचारलं होतं, आणि त्याने लाल पेन काढलं होतं. तेही कुठल्या शब्दासाठी? दिवसातून तीनदा जो शब्द तो दुसऱ्याच्या तोंडावर मारत आला होता त्या शब्दासाठी. वळचणीखाली खरोखरचं माणूसही बसू शकतं हे त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

मेहुण्याने हळूच खुर्ची ओढली. करू का, असं त्याने गुण्याला विचारलं आणि माउस हातात घेतला. वळणावर क्लिक केलं, पुसलं. छत्तीस तुकडे गेले. सॉफ्टवेअरने लगेच आपलं नेहमीचं छप्पर आणून ठेवलं, लहान मुलाच्या चित्रातलं, सरळ कडांचं. मागच्या कडेच्या रकान्यात पंचेचाळीस सेंटिमीटर होतं. मेहुण्याने तिथे नव्वद टाइप केलं. छप्पर मागच्या बाजूला दोन हात पुढे सरकलं आणि भिंतीवर सावली पडली.

याला एक मिनिटही लागलं नाही.

भावाला दाखवू या का, असं बाईने विचारलं. मेहुण्याने लॅपटॉप उचलला आणि दोघं जिना उतरली. गुण्या तिथेच उभा होता. साहेब फाइल बंद करत होते.

"खिडकीजवळचं टेबल उद्यापासून त्याला देतोय," साहेब वर न बघता म्हणाले. "तुम्ही खाली जा. त्या माणसाची माफी मागून या."

गुण्याने टेबलावरचा फॉर्म उचलला आणि तो जिना उतरला. जिन्याच्या तोंडाशी त्याचा जुना लाकडी ड्रॉइंग बोर्ड टेकवून ठेवलेला असायचा. सॉफ्टवेअर आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तो जागेवर नव्हता.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. भाऊ इमारतीच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला होता. चाळिशीचा, नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. लॅपटॉप त्याच्या मांडीवर होता. पण त्या गुळगुळीत भिंतीबाहेर बोटभरही काही आलेलं नव्हतं आणि उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं, म्हणून मेहुणा गुण्याचा बोर्ड दोन्ही हातांनी डोक्यावर आडवा धरून उभा होता. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. बाई बोर्डाखाली उकिडवी बसून भावाला दाखवत होती, इथे दार, इथे तुझी भिंत.

गुण्या चार पावलांवर थांबला. बोलायचं वाक्य त्याने जिन्यात जुळवलं होतं, ते आता त्याला आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं.

भावाने वर बघितलं. त्याने लॅपटॉप सांभाळत स्वतःला थोडं बाजूला सरकवलं.

"उन्हात का उभे?" तो म्हणाला. "आत या ना."

आत म्हणजे त्या बोर्डाखाली. गुण्याने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने बोर्ड थोडा त्याच्या बाजूला कलता केला. गुण्या वाकून आत आला आणि भावाच्या शेजारी, आपणच रेखलेल्या भिंतीला पाठ टेकून बसला. भिंत तापलेली होती. माफी मागायची होती, ती त्याने मागितली. फार बरी जमली नाही. भावाने मान हलवली आणि पडद्याकडे बोट केलं.

गुण्याने खिशातून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून फॉर्मच्या रिकाम्या पाठीमागच्या बाजूवर लिहायचं ठरवलं; तो अजून त्याच्या मुठीत होता.

"दोन हात पुरतील का?" त्याने विचारलं.

भावाने पाय लांब केले. बोर्डाच्या सावलीबाहेर त्याची पावलं उन्हात आली. त्याने ती नीट बघितली.

"अडीच हवी," तो म्हणाला.

"अडीच," गुण्या म्हणाला. "वळचण. अडीच हात. बरोबर ऐकलं ना मी?"

हो, भाऊ म्हणाला. गुण्याने लिहिलं, 'मागील बाजूस वळचण हवी, अडीच हात', आणि पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवलं.